डाग, दिवा आणि लेझर: वांगावरच्या जोड-उपचाराचा इतिहास

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बरंचसं बोललं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग मी घरूनच रेकॉर्ड करतेय, बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये. बाहेर पाऊस कोसळतोय, मागे त्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय मला रस्त्यावर सापडला. कात्रपहून स्टेशनकडे चालत निघालं की पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसत राहतात. पूर्वी दातांचे आणि बालरोगाचे असायचे, आता स्किनचे. अशाच एका पाटीवर लिहिलं होतं, ‘पिगमेंटेशनवर लेझर प्लस लाइट, कॉम्बो पॅकेज’. मी तिथे उभी राहून ती पाटी दोनदा वाचली. कारण या ‘लाइट’शी माझा जुना हिशेब आहे.

२०१६ ची गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणात माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बाळंतपणातलं आहे, जाईल आपोआप.’ काहींचं जातं, माझं गेलं नाही. शेजारच्या ताईंनी एका क्रीमची ट्यूब सांगितली, मेडिकलमध्ये चिठ्ठी न विचारता मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मी खूश! ट्यूब बंद केली आणि चेहरा लाल झाला, आग व्हायला लागली, आणि वांग आधीपेक्षा गडद होऊन परत आलं. मग एका ठिकाणी, नाव सांगत नाही, लाइटच्या सहा सिटिंगचे पैसे भरले. दुसऱ्या सिटिंगनंतर गालावर आयताकृती ठसे उमटले. यंत्राच्या काचेचा आकार, अगदी शिक्का मारल्यासारखा. आधी लाल, मग काळे. पुढचे आठ महिने मी लोकलमध्ये तोंडाला ओढणी बांधून बसत होते.

तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता. हेच यंत्र जगभर लाखो लोकांच्या चेहऱ्यावर चालतं, मग माझाच चेहरा का भाजला? उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरले. आणि कळलं की ‘कॉम्बो’ ही काही आजची कल्पना नाही. ती खूप जुनी आहे, आणि तिची सुरुवात आपल्याकडच्या एका बीपासून सांगता येते.

बावची आणि ऊन

ते बी म्हणजे बावची. संस्कृतात बाकुची. आयुर्वेदात कोडावर, म्हणजे त्वचेवरच्या पांढऱ्या डागांवर, ती फार जुन्या काळापासून वापरतात. चरकसंहितेत कोडाला ‘श्वित्र’ म्हटलंय, आणि त्याच्या उपचारात औषध घेऊन उन्हात बसायला सांगितलंय. हे महत्त्वाचं आहे बरं का. नुसतं औषध नाही, नुसतं ऊन नाही. दोन्ही एकत्र.

असं का, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक द्रव्य वेगळं काढलं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ‘सोरालिया’, म्हणून द्रव्याचं नाव ‘सोरालेन’. हे द्रव्य त्वचेत गेलं की त्वचा अतिनील किरणांना जास्त प्रतिसाद देते, आणि रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात. तिकडे इजिप्तमध्येही नाईलच्या काठी उगवणाऱ्या एका रोपाची पूड कोडासाठी विकली जायची. १९४० च्या दशकात कैरोच्या डॉ. एल मोफ्ती यांनी त्या रोपातल्या द्रव्यावर शास्त्रीय प्रयोग केले. तेही सोरालेनच्याच कुळातलं निघालं.

युरोपात तोवर प्रकाश एकटाच औषध म्हणून वापरला जात होता. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कार्बनच्या दिव्याच्या प्रखर उजेडाने त्वचेचा क्षयरोग बरा करून दाखवला, आणि १९०३ चं नोबेल मिळवलं.

हे दोन धागे बोस्टनमध्ये एकत्र आले. हार्वर्डमध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक हे त्वचारोगतज्ज्ञ आणि मधू पाठक हे भारतात जन्मलेले संशोधक बरोबर काम करत होते. या दोघांनी १९५९ साली सोरालेनच्या इतिहासावर लेखही लिहिला होता. १९७४ साली जॉन पॅरिश, फिट्झपॅट्रिक, पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा उपचार मांडला. सोरालेनची गोळी घ्यायची आणि मग अतिनील दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं. रोग होता सोरायसिस. उपचाराचं नाव पडलं ‘पुवा’. बावची आणि ऊन, फक्त गोळी आणि दिव्याच्या रूपात.

मोजपट्टी कुणाच्या कातडीची?

इथे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

पुवा सुरू झाल्यावर अडचण आली ती मात्रेची. कुणाला किती प्रकाश द्यायचा? केसांचा आणि डोळ्यांचा रंग बघून अंदाज करायचे, पण त्यात काही जण भाजले. म्हणून १९७५ साली फिट्झपॅट्रिक यांनी एक सोपी पद्धत काढली. रुग्णालाच विचारायचं: उन्हाळ्याच्या सुरुवातीला तासभर उन्हात राहिलात तर तुम्ही भाजता, की काळवंडता? उत्तरावरून त्वचेचे प्रकार ठरवले. प्रकार किती? चार. आणि चारही गोऱ्या लोकांचे.

सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आज जगभरच्या लेझर यंत्रांवर मात्रा ठरवताना हीच मोजपट्टी वापरतात. आपल्याकडची बहुतेक त्वचा त्यात चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसते. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. त्यांच्या दारात जे रुग्ण होते, त्यांच्यासाठी त्यांनी पट्टी बनवली. पण गंमत बघा. बावचीच्या देशातली विद्या फिरून यंत्र होऊन परत आली, तेव्हा त्या यंत्राची पट्टी आपल्या कातडीच्या सीमेवरच संपत होती.

माणिक आणि फ्लॅशचा दिवा

आता लेझर. १६ मे १९६० या दिवशी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. कृत्रिम माणकाची एक छोटी कांडी, आणि तिच्याभोवती गुंडाळलेला फोटोग्राफीच्या फ्लॅशचा दिवा. दिवा लखकन पेटायचा, माणिक तो प्रकाश प्यायचं आणि एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा लाल झोत बाहेर सोडायचं. म्हणजे पहिल्या लेझरच्या पोटातसुद्धा दिवाच होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपणही फार मागे नव्हतो. तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात, ज्याला पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र नाव मिळालं, १९६४ च्या सुमारास अर्धवाहक लेझर बनवला गेला होता. आमच्या बदलापूरपासून लोकलने दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी! पण तो भौतिकशास्त्रज्ञांचा लेझर. त्वचेपर्यंत यायला त्याला वेळ होता.

त्वचेवर लेझर नेला तो अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमन यांनी. १९६३ मध्ये त्यांनी माणकाच्या लेझरचे त्वचेवरचे परिणाम प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं की झोत गडद रंगाच्या जागी जास्त शोषला जातो. मग त्यांनी तो गोंदणावरही वापरून पाहिला. तरी वीस वर्षं गाडी अडखळतच होती, कारण डागाबरोबर आजूबाजूची त्वचाही भाजायची.

ही कोंडी १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी फोडली. पॅरिश म्हणजे तेच, पुवाचे. ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या त्यांच्या लेखाची कल्पना आपण रोज अनुभवतो. आरती घेताना आपण ज्योतीवरून हात फिरवतो. पटकन फिरवला तर नुसती ऊब, रेंगाळला तर चटका. उष्णता पसरायला वेळ लागतो. त्वचेतले रंगाचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांच्यातली उष्णता सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर झिरपते. तेव्हा झोत त्याहूनही छोटा हवा. मग कण फुटतो, आणि उष्णता शेजाऱ्याकडे जायच्या आत काम संपतं. दुसरी अट, झोताचा रंग असा हवा की तो त्या कणातच शोषला जाईल.

‘क्यू-स्विच’ नावाची यंत्रं या दोन्ही अटी पाळतात. त्यांचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा असतो. त्यातल्या ‘एनडी-याग’ लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. मेलॅनिन, म्हणजे आपला त्वचेचा रंग, हा प्रकाश तुलनेने कमी शोषतो. म्हणून तो वरचा थर न भाजता खोलवर जातो, आणि म्हणूनच सावळ्या त्वचेला तो त्यातल्या त्यात मानवतो.

आणि लाइट? १९९० च्या दशकात इंजिनियरांनी विचार केला, मधलं माणिक काढून फ्लॅशचा दिवाच थेट त्वचेवर का नको? त्यातून आयपीएल आलं. क्रिकेटचं नव्हे, तीव्र स्पंदित प्रकाशाचं. १९९५ साली अमेरिकेत पायावरच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी त्याला परवानगी मिळाली, मग ते डागांवर, लव काढायला, सगळीकडे पोहोचलं. या दिव्यात साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचे अनेक रंग एकत्र असतात, हवे ते गाळण्या लावून निवडतात. झोत मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागांचा. लेझरच्या मानाने हा हात ज्योतीवर चांगलाच रेंगाळला. गोऱ्या त्वचेत रंग फक्त डागात असतो, म्हणून तिथे हे चालून जातं. माझ्यासारख्या त्वचेत रंग सगळीकडेच आहे. दिव्याला डाग कुठला आणि मी कुठली, हे कळणार कसं? त्याची शक्ती कमी केली नाही, गाळणी बदलली नाही, तर तो सगळ्यालाच तापवतो. माझ्या गालावरच्या आयतांचं हे उत्तर.

शाई आणि ओल

पण मग लेझर बरोबर वापरला की डाग गेला, असं आहे का? इथे आपला शब्दच आपल्याला फसवतो. ‘डाग’ म्हटलं की पुसायचा, एवढंच डोक्यात येतं.

आत्ताचा पाऊस बघून मला भिंतीची आठवण होते. घरातल्या भिंतीवर दोन प्रकारचे डाग असतात. एक, पोराने पेनने मारलेली रेघ. पुसली की गेली. दुसरा, पावसाळ्यात येणारी ओल. तिच्यावर कितीही रंग मारा, ती परत येणार, कारण मागे कुठेतरी पाणी झिरपतंय.

लेझरचे मोठे विजय पहिल्या प्रकारातले आहेत. जपानचे डॉ. ओटा मासाओ यांनी १९३९ साली डोळ्याभोवतीच्या निळसर करड्या लाशाचं वर्णन केलं, आज त्याला ‘ओटाचा नीवस’ म्हणतात. आशियाई लोकांत तो जास्त दिसतो. हे ओटा टोपणनावाने कविता आणि नाटकंही लिहायचे! त्यांच्या काळात या लाशावर खात्रीचा इलाज नव्हता. १९९० च्या दशकात क्यू-स्विच लेझरने तो फिका होऊ लागला, अनेकांचा जवळपास पूर्ण गेला. गोंदणाचंही तसंच. ही शाई आहे. फोडली, शरीराने हळूहळू उचलून नेली.

वांग ही ओल आहे. तिथे रंगाच्या पेशी मेलेल्या नाहीत, त्या कामाला लागलेल्या आहेत. बाळंतपणातले हार्मोन, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ऊन, हे सगळे त्यांना काम देत असतात. लेझरने रंगाचे कण फोडले तर पेशी नवे बनवते. आणि जोरात मारलं, दाह झाला, तर चिडून दुप्पट बनवते.

वांगावर क्रीमचाही एक जोड-उपचार आहे. फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन यांनी तीन औषधं एकत्र करून तो १९७५ साली मांडला. हो, त्वचेच्या मोजपट्टीचंच वर्ष. त्या तिघांपैकी एक स्टिरॉइड होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूब, अनेकदा जास्त तीव्र स्टिरॉइड घातलेल्या, गोरेपणाचं क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावल्या गेल्या. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं यावर आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. माझी ट्यूब त्याच्या दोन वर्षं आधीची.

मग दोन यंत्रं कशासाठी?

आता त्या पाटीकडे परत येऊ. लेझर प्लस लाइट. २००० नंतर जपान, कोरिया, तैवानमध्ये ‘लेझर टोनिंग’ सुरू झालं. तोच १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच, पण खूप कमी शक्तीचा, मोठ्या ठिपक्याने चेहराभर फिरवलेला, काही आठवड्यांत अनेकदा. हेतू असा की पेशी मारायची नाही, फक्त तिच्यातले रंगाचे कण हळूहळू कमी करायचे. पण हे फार वेळा केलं की उलटच होतं, हेही तिथल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. २०१० च्या आसपास कोरिया आणि हाँगकाँगमधून नोंदी आल्या, की काहींच्या चेहऱ्यावर तांदूळ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके उठतायत. ते सहजासहजी भरून येत नाहीत.

म्हणून त्यांनी काम वाटून दिलं. वांगातला काही रंग वरच्या थरात असतो, काही खाली. शिवाय तिथे बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. वरचा रंग आणि लाली यांच्यासाठी हलक्या मात्रेत दिवा, खोलच्या रंगासाठी हलक्या मात्रेत लेझर. दोन्ही एकाच दिवशी किंवा काही आठवड्यांच्या अंतराने. एकाच यंत्राला दहा वेळा राबवायचं, त्याऐवजी दोघांना थोडं थोडं. तिकडच्या अभ्यासांत सुधारणा लवकर दिसली. उपचार थांबल्यावर काही महिन्यांत वांग परतल्याचंही त्याच मंडळींनी लिहिलंय.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. बावची आणि उन्हापासून या दोन यंत्रांपर्यंत जोड लावण्यामागचं कारण तेच: प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता यावी. पाटीवर ‘प्लस’ वाचलं की आपल्याला वाटतं, दुप्पट जोर. चांगल्या डॉक्टरांच्या हातात त्याचा अर्थ असतो, प्रत्येकाचा अर्धाच जोर. पैसे भरताना हा फरक आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि जोडीतला तिसरा भिडू नेहमी विसरला जातो. सावली. २०१० साली डेट्रॉईटच्या संशोधकांनी दाखवलं की अतिनील किरणं बाजूला ठेवली, तरी डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा सावळी त्वचा गडद करतो आणि तो रंग टिकतो. गोऱ्या त्वचेत तसं झालं नाही. म्हणजे अतिनील किरणं अडवणारं साधं सनस्क्रीन आपल्या वांगाला पुरत नाही. दिसणारा प्रकाश अडवायला त्यात लोहाचे ऑक्साइड घालतात, आपल्या गेरूच्या कुळातला रंग. म्हणून ही सनस्क्रीन किंचित मातकट दिसतात. (घरचा गेरू लावू नका हं, प्लीज.) गोऱ्या त्वचेवर बेतलेल्या ज्ञानात सावळ्या त्वचेने घातलेली ही मोलाची भर आहे.

कात्रपला परत

त्या आयतांनंतर मी एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिले तीन महिने कुठलंच यंत्र लावलं नाही. सनस्क्रीन, छत्री आणि साधं क्रीम, बस. मी म्हटलं, ‘मॅडम, लेझर कधी?’ त्या म्हणाल्या, ‘आधी गळती थांबवू, मग रंगाचं बघू.’ भिंतीची उपमा त्यांचीच आहे, मी उसनी घेतली. पुढे त्यांनी कानाजवळच्या छोट्या जागी चाचणी घेतली, दोन आठवडे थांबल्या, आणि मग अगदी हलक्या लेझरच्या मोजक्या बैठका केल्या. ठसे गेले. वांग फिकं झालं. गेलं नाही, मे महिन्यात अजूनही थोडं डोकावतं. आता मी त्याला ओळखते.

म्हणून मंडळी, अशा पाटीखालून तुम्ही जिना चढलात, तर चार प्रश्न नक्की विचारा. माझा डाग शाईचा की ओलीचा? यंत्र कुठलं आणि ते चालवणारे त्वचेचे डॉक्टर आहेत का? माझ्या रंगाच्या त्वचेसाठी मात्रा किती कमी केलीत, आणि आधी छोट्या जागी करून बघणार का? आणि उपचार थांबल्यावर काय होईल? चौथ्या प्रश्नाला ‘काही नाही, कायमचं जाईल’ असं उत्तर आलं आणि तुमचा डाग वांगाचा असेल, तर जिना उतरायला हरकत नाही.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीप्रमाणे सांगून ठेवते. उपचार आपापल्या डॉक्टरांना विचारूनच. मी फक्त गोष्ट सांगितली.

आणि हो, जाता जाता एक. कोडाबद्दल बोललो आपण सुरुवातीला. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या माणसांसाठी श्वेता असोसिएशन उभी केली, आणि या विषयावर ‘नितळ’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा मराठी सिनेमा २००६ साली आला. मिळाला तर जरूर बघा. मी तो ओढणीच्या दिवसांत पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ७:५२ च्या लोकलमध्ये ओढणी पिशवीतच राहिली. गालावरचे आयत तेव्हा तसेच होते.

भेटू पुढच्या भागात. तोवर छत्री घेऊनच बाहेर पडा, पावसातही आणि उन्हातही.